निळ्या किल्लीचे गाईड

आमच्या शाळेतील एका तरुण शिक्षकांनी मला डेव्हिड लिंच यांचा २००१ सालचा 'मलहॉलंड ड्राइव्ह' हा चित्रपट दाखवला आणि तो संपतो न संपतो तोच एक कागद हाती ठेवला. "सर, हे वाचून पुन्हा पाहा, सगळा उलगडा होतो." कागदावर लाल लॅम्पशेड, राखदाणी, कॉफीचा कप, निळी किल्ली, निळी पेटी, आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचा अर्थ. उभी नोकरी गाईडांशी भांडण्यात गेलेल्या माणसाला हे गाईड ओळखायला कितीसा वेळ लागणार?

या गाईडाला खुद्द दिग्दर्शकाचा आधार आहे म्हणतात. लिंच यांनी डीव्हीडीसोबत दहा सूचना दिल्या होत्या, हे खरे. पण त्या वाचून पाहाव्यात. सारे प्रश्न, किंवा 'अमक्याकडे लक्ष द्या' इतकेच. उत्तर एकही नाही. जानेवारी २०२५ मध्ये निधन होईपर्यंत या गृहस्थांनी आपल्या चित्रपटाचा अर्थ सांगण्याचे नाकारले. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने उत्तरे दिली नाहीत, ती क्लासवाल्यांनी छापली!

पहिला मोठा भाग हे डायेन या अपयशी नटीचे स्वप्न आणि शेवटचा भाग वास्तव, हे सर्वमान्य उत्तर मलाही पटते. मात्र त्यात प्रत्येक वस्तू चपखल बसलीच पाहिजे, हा हट्ट मला मान्य नाही. मुळात हे चित्रण १९९९ मध्ये एबीसी वाहिनीसाठी, मालिकेचा पहिला भाग म्हणून झाले. वाहिनीने ते नाकारले. मग फ्रेंच कंपनीच्या पैशावर नवी दृश्ये जोडून त्याचा चित्रपट झाला. आरंभीच्या अपघातस्थळी आलेले दोन गुप्त पोलीस पडद्यावर पुन्हा दिसत नाहीत, याचे कारण तिथे शोधावे. पुढचा मजला चढवू म्हणून गच्चीवर ठेवलेल्या सळयांना कोणी नक्षीकाम म्हणावे, तसे यांचे चालले आहे.

आणि ती किल्ली. प्रेमात झिडकारली गेलेली डायेन कॅमिलाच्या खुनाची सुपारी देते. मारेकरी निळी किल्ली दाखवून सांगतो, काम झाले की ही ठरल्या जागी दिसेल. ती विचारते, हिने काय उघडते? तो नुसता हसतो. डायेनच्या टेबलावर ती किल्ली पडलेली आपण पाहतो, म्हणजे एक बाई मारली गेली आहे. कुलूप शोधता शोधता खूनच विसरला जातो, ही माझी खरी तक्रार आहे. तो मारेकरी मला तर सगळ्या गाईडवाल्यांना हसल्यासारखा वाटला.

क्लब सिलेन्सिओत सूत्रधार बजावतो की इथे वाद्यवृंद नाही, सारे ध्वनिमुद्रित आहे. तरी रिबेका डेल रिओ गाऊ लागते आणि दोन्ही नायिका रडू लागतात. गायिका कोसळते, गाणे चालूच राहते. कागदावर यापुढे 'सारे भ्रम' असे उत्तर होते. अहो, आपण पार्श्वगायनावर वाढलेली माणसे! पडद्यावरची नटी गात नसते, हे आमच्या गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते. म्हणून कोणी डोळ्यांतले पाणी मागे घेतले? भ्रम आहे हे कळूनही रडू का येते, हा त्या दृश्याचा प्रश्न आहे.

आता हे लिहिणारा स्वतः कोरडा पाषाण आहे, हेही कबूल करतो. घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या एका मुलीने कवितेवरील प्रश्नाच्या उत्तरात लिहिले होते, 'शेवटच्या ओळीचा अर्थ मला कळला नाही, पण ती वाचून घरी जावेसे वाटले.' नमुना उत्तरात असे काही नव्हते. मी शून्य दिला.

कागद परत केला तेव्हा सहकारी म्हणाले, "मग सर, निळ्या पेटीत काय असते, तेवढे तरी सांगा." पेटी उघडते तेव्हा आत अंधार दिसतो. मी तेवढेच सांगितले. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.