नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या

15 फेब्रुवारी 2025, माँट्रियल. आइस हॉकी, अमेरिका विरुद्ध कॅनडा. पहिल्या नऊ सेकंदांच्या खेळात तीन मारामाऱ्या! पब्लिक वेडं झालं. खरं सांगतो, टीव्हीसमोर मीही टाळ्या वाजवल्या. लाज नंतर वाटली.

एनएचएलमध्ये मारामारीची शिक्षा काय? पाच मिनिटं बाहेर बसा आणि परत या. याला शिक्षा म्हणत नाहीत राव, तिकीट म्हणतात.

डेरेक बूगार्ड आठवतो? एनएचएलचे 277 सामने, गोल फक्त 3. गोल करणं त्याचं कामच नव्हतं. ठोसे मारायचे आणि खायचे, यासाठी त्याला पगार मिळायचा. 2011 मध्ये दारू आणि वेदनाशामक गोळ्यांनी गेला. वय 28. मेंदू तपासला तर सीटीई निघाला, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा आजार. आणि 2019 मध्ये लीगचे कमिशनर गॅरी बेटमन कॅनडाच्या संसदीय समितीला काय सांगतात? हॉकीचा आणि सीटीईचा संबंध म्हणे सिद्ध झालेला नाही. कमाल आहे!

"मारामारीशिवाय मजा नाही" म्हणणाऱ्यांनी 2010 ची व्हँकुव्हर ऑलिंपिक फायनल आठवावी. हेच दोन देश. जादा वेळेत क्रॉस्बीने गोल मारला, तेव्हा ठोसे हवेत असं कुणाला वाटलं होतं का?

एकच नियम करा. हात उचलला की त्या प्लेअरची मॅच संपली. बास.

नियम होईल तेव्हा होईल. पुढच्या वेळी मी तरी टाळ्या वाजवणार नाही. तुम्ही?