पेडल बंद करून ऐका

गिटारसाठी वॉ पेडल घ्यायला निघाला असाल, तर दुकानात आधी ते बंद करून ऐका.

सांगणं उलटं वाटेल. पेडल घ्यायचं ते त्या बोलक्या ‘वा-वा’ आवाजासाठीच. पण जरा हिशोब करा. एका गाण्यात वॉ लागतं किती वेळ? एखादा सोलो, फार तर एखादा कडव्याआधीचा तुकडा. बाकी सगळा वेळ ते तुमच्या पायाशी बंद असतं. गिटारचा आवाज मात्र तेव्हाही त्याच्यातूनच अँपकडे जातो. बंद पेडल आवाज खात असेल, तर ते अख्खं गाणं खातं.

मुलं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, “गिटार बद्द वाजायला लागलीय.” तारा बदलून झालेल्या असतात. अँपवरचं ट्रेबल वाढवून झालेलं असतं. कुणी तर नवे पिकअप बसवायला निघालेलं असतं. मी एवढंच सांगतो, वॉ काढ आणि गिटार सरळ अँपला लाव. लगेच तारांचा खणखणाट परत येतो. नाहक खर्च वाचतो.

हे का होतं, ते समजून घ्या. वॉ पेडल १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट या तरुण इंजिनियरच्या कामातून निघालं. पुढच्या वर्षी ते व्हॉक्सच्या नावानं बाजारात आलं. त्या जुन्या रचनेतला स्विच फक्त बाहेर जाणारी वाट बदलतो. गिटारकडून आत येणारी तार सर्किटला जोडलेलीच राहते. म्हणजे पेडल बंद असलं तरी सर्किट थोडा आवाज ओढून घेतंच. अंघोळ करताना घरात कुणी दुसरा नळ उघडला की आपली धार बारीक होते ना, तसंच हे. त्यात आधी जातो तो वरचा, चमकदार स्वर.

आता दुकानात काय करायचं ते सांगतो. तुमचीच गिटार आणि तुमच्याच केबल घेऊन जा. अँप स्वच्छ आवाजावर ठेवा, डिस्टॉर्शन नको. गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडा. आधी सरळ अँपला जोडून एक मोकळी ई कॉर्ड वाजवा. मग मध्ये पेडल घाला, बंदच ठेवा आणि तीच कॉर्ड वाजवा. जास्तीची केबल अगदी छोटी असू द्या, नाहीतर केबलचा दोष पेडलच्या माथी जाईल. बारीक तारांकडे लक्ष द्या. कानात कापूस घातल्यासारखं वाटलं, तर ते पेडल बाजूला ठेवा. अँपच्या बटणांना या सगळ्यात हात लावू नका.

पेडल नक्की बंद आहे ना, हेही बघा. क्राय बेबी नावाच्या साध्या वॉ पेडलला दिवा नसतो. पुढे पंजानं पूर्ण दाबल्यावर स्विच वाजतो, तेवढीच खूण. मॉर्लेच्या काही मॉडेलांना स्विचच नाही. पाय ठेवला की चालू, उचलला की बंद. नवशिक्याला ते सोपं जातं.

दुकानदार म्हणेल, “हे ट्रू बायपास आहे.” चांगलंच आहे. म्हणजे बंद केल्यावर सर्किट दोन्ही बाजूंनी सुटतं. पण या एका शब्दावर पैसे देऊ नका. तुमची केबल लांब असेल, पुढे आणखी चार-पाच पेडल असतील आणि सगळीच ट्रू बायपास असतील, तर लांब केबलच वरचा स्वर गिळते. तिथे बफर कामाला येतो. बफर म्हणजे गिटारच्या नाजूक आवाजाला पुढच्या प्रवासासाठी बळ देणारं छोटं सर्किट. व्हॉक्सच्या व्ही८४७-ए मध्ये ते आतच बसवलेलं आहे. घरी तीन मीटरच्या एका केबलवर वाजवणाऱ्याला मात्र त्याची फारशी गरज पडत नाही.

जुनं पेडल आधीच घरात असेल, तर ते टाकून देऊ नका. कुणाकडून तरी बफर असलेला ट्यूनर उसना आणा आणि वॉच्या आधी लावून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम भागतं. फझ पेडल वापरत असाल तर तेवढं सांभाळा. जुन्या धर्तीच्या फझला आपल्याआधी बफर चालत नाही, आवाज टोकदार आणि कोरडा होतो. त्याला गिटारच्या लगेच पुढे ठेवा आणि बफर त्याच्यानंतर लावा.

दुसरा उपाय म्हणजे स्विच बदलणं. जुन्या स्विचला तीन पाय असतात. त्याच्या जागी सहा पायांचा बसवला की सर्किट पूर्ण सुटतं. दिवाही हवा असेल तर नऊ पायांचा घ्या. सोल्डर करता येणाऱ्या कारागिराला हे काम अवघड नाही. आधी किंमत विचारून घ्या आणि काढलेला जुना स्विच परत मागून घ्या. पुढे पेडल विकायचं झालं, तर घेणारा तो मागतो.

सेकंडहँड घेताना पेडल सावकाश खाली-वर करा. खरखर आली तर आतलं पॉट, म्हणजे पायाबरोबर फिरणारा भाग, मळलंय किंवा झिजलंय. मळ साफ होतो. झिजलेलं पॉट बदलावं लागतं, तो खर्च किमतीतून कमी करून घ्या.

आणि पालकांनो, हे तुमच्यासाठी. घरातल्या वायफायचा अडॅप्टर पेडलला लावू देऊ नका. पिन बसते, म्हणून मुलं लावतात. पेडलला बहुतेक ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या आत ऋण टोक असतं. घरातल्या अडॅप्टरचं बहुधा नेमकं उलटं असतं, व्होल्टही जास्त असतात. पेडल जळू शकतं. दोन्हींवर छापलेली खूण जुळवून बघा, मगच लावा.

बॅटरीवर चालवत असाल, तर वाजवून झाल्यावर गिटारकडून येणारी केबल पेडलमधून काढून ठेवा. ती आत असेपर्यंत बॅटरी उतरत राहते, पेडल बंद असलं तरी.