सुई हातात घ्या, पण कागद तपासून



नागपुरातल्या आमच्या वस्तीतल्या एका मुलीने फ्लेबॉटॉमी टेक्निशियनचा सहा महिन्यांचा कोर्स केला. म्हणजे तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेण्याचं शिक्षण. फीसाठी आईने बचत गटातून कर्ज काढलं. संस्थेच्या बोर्डावर लिहिलं होतं, 'शंभर टक्के नोकरी'. नोकरी लागलीही, एका खासगी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर. सकाळी साडेसहाला शटर उघडायचं, मग घरोघरी नमुने घ्यायला फिरायचं, पेट्रोल स्वतःचं. पगार आईच्या धुण्याभांड्याच्या कमाईपेक्षा थोडाच जास्त. पुढे सरकारी प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदाची जाहिरात आली. अर्ज भरायला बसली तेव्हा कळलं, हे सर्टिफिकेट तिथे चालतच नाही. "भाऊ, मी तर पेढे वाटले होते," तिची आई मला म्हणाली.

हे मी एका बैठकीत सांगितलं, तर एक कार्यकर्ता म्हणाला, "रक्त काढायची कामं कशाला करता? आपल्या पोरांनी कलेक्टर व्हावं." मला हे पटत नाही. मी स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि नंतर दोन वर्षं बायोडाटा घेऊन फिरलो. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात सरळ मांडलं होतं की अस्पृश्य समाजाला कला आणि कायद्याच्या पदव्यांपेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाचं शिक्षण हवं आहे, आणि त्यासाठी सरकारने शिष्यवृत्त्या द्याव्यात. त्यांची जयंती वाजतगाजत करणाऱ्यांनी तांत्रिक कामाला नाक मुरडू नये.

आणि हे काम सोपं नाही. कोपराच्या आतल्या बाजूची शीर बोटाने चाचपून ओळखायची. दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरात सोडायचा, नाहीतर रिपोर्टमधले आकडे बदलतात. नळ्या भरण्याचाही क्रम ठरलेला असतो. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं. तिचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी झालेलं दिसतं. नाव विचारून, कागदाशी ताडून, नळीवरची चिठ्ठी रुग्णासमोरच लावायची. यातली एक चूक झाली तर भलत्याच माणसावर भलताच उपचार होऊ शकतो. हॉस्पिटलात आपल्या माणसांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या झाडू, बेडपॅन आणि शवागार आलं. ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता, त्यांच्या पोरीच्या हातात आज कोणीही निमूट हात देतो. मला ही गोष्ट मोठी वाटते.

विदर्भात तर याची आपल्याला स्वतःसाठीच गरज आहे. सिकलसेल इथल्या आदिवासींमध्ये आहे तसा आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. वस्तीत लग्नाआधी तपासणी करा म्हटलं की लोक बिचकतात. ओळखीची मुलगी नमुना घ्यायला आली तर दार उघडतं, हे मी पाहिलं आहे.

म्हणून माझा राग कामावर नाही, ते कसं विकलं जातं त्यावर आहे.

२०२१ साली केंद्राने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. त्यात सहयोगी आरोग्य व्यावसायिक ठरण्यासाठी किमान २,००० तासांची, दोन ते चार वर्षांत विभागलेली पदविका किंवा पदवी लागते. आता हिशेब करा. रोज तीन तास, महिन्याचे पंचवीस दिवस, सहा महिने: साडेचारशे तास. या मुलीने त्यातले कितीतरी तास प्लास्टिकच्या हातावर आणि एकमेकींच्या दंडावर काढले. खऱ्या वॉर्डात ती मोजून आठ दिवस गेली. पण कायद्यातला हा आकडा वस्तीत जाहिरात वाटणारा माणूस सांगत नाही.

दुसरं, अशा खासगी सर्टिफिकेटला भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती लागू होत नाही. मान्यताप्राप्त डीएमएलटीला ती मिळू शकते. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, अर्ज महाडीबीटीवर. म्हणजे ज्या आईने कर्ज काढलं, तिच्या मुलीला कमी खर्चात जास्त किमतीचा कागद मिळाला असता. तिसरं, रक्त तपासणीचं काम कंत्राटाने बाहेर दिलं की त्या जागांवरचं आरक्षण आपोआप गळून पडतं. आपण मोर्चे काढतो ते भरतीतल्या आरक्षणावर. ही गळती मात्र गुपचूप चालू राहते.

आणि लस! सुई चुकून टोचली तर हिपॅटायटिस बी होऊ शकतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला मालकाने हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची असते. त्या मुलीला कोणी विचारलंही नव्हतं. वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात न टाकता साध्या पिशवीत गेली, तर ती कोणाच्या हातात घुसते हे वेगळं सांगायला नको. पिशव्या उचलणाऱ्या बायका आपल्याच आहेत.

तेव्हा प्रवेशाआधी संस्थेला विचारा: कोणत्या मंडळाची किंवा विद्यापीठाची मान्यता? लेखी दाखवा. एकूण तास किती? कोणत्या हॉस्पिटलात प्रात्यक्षिक, किती आठवडे? शिष्यवृत्ती लागू आहे का? लसीचे तिन्ही डोस कोण देणार? उत्तर 'आधी फी भरा, मग बघू' असं आलं, तर उठून या.

ती मुलगी बारावी विज्ञान आहे. यंदा डीएमएलटीचा फॉर्म भरते आहे, सकाळची नोकरी सांभाळून. तिच्यासारख्या आणखी चौघी आहेत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका घेऊन बसतो. ज्या कार्यकर्त्याला फॉर्म भरता येतो त्याने आपापल्या वस्तीत दोन तास काढावेत. कॉलेजचे दाखले मिळायला पंधरा दिवस लागतात, तेव्हा निकालाची वाट पाहू नका.