टाका आणि ओवी

‘तुमचा छंद कोणता?’ असे मला कुणी विचारले, की मी मनातल्या मनात हसते. मराठीने या शब्दात मोठी गंमत करून ठेवली आहे. फावल्या वेळच्या आवडीलाही छंद म्हणायचे आणि कवितेच्या अक्षर-मात्रांच्या हिशेबालाही छंदच म्हणायचे! माझ्यापुरते तर हे दोन्ही अर्थ एकाच पिशवीत नांदतात. कॉलेजात जाताना माझ्या खांद्याला जी कापडी पिशवी असते, तिच्यात एखादा कवितासंग्रह असतो आणि त्याला टेकून दहा नंबरच्या दोन सुया व लोकरीचा गुंडा.

एक ज्येष्ठ सहकारी मध्यंतरी म्हणाले, ‘एम. ए. होऊन शेवटी स्वेटरच विणायचे होते तर...’ पुढचे वाक्य त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळले. मला राग आला नाही. पण उत्तर द्यावेसे मात्र वाटले. ते असे.

ज्या शब्दांवर आम्ही मराठीची अध्यापक मंडळी पोट भरतो, त्यांतले कितीतरी शब्द दोऱ्याशी खेळणाऱ्या हातांनी दिलेले आहेत. ‘ग्रंथ’ म्हणजे गुंफलेले, बांधलेले. ‘सूत्र’ म्हणजे तर चक्क दोरा. आम्ही कथानकाची वीण पाहतो, कवितेतला धागा शोधतो, गुंता झाला की उकल करतो. कुणी कधी सूतच हाती धरले नसते, तर समीक्षकांनी लिहिले तरी कसे असते?

आणि आपली ओवी! तिचे नाते ‘ओवणे’ या क्रियापदाशी सांगतात. बाराव्या शतकातल्या राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ओवीचा उल्लेख आहे, तोही महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ती गातात असा. म्हणजे ज्ञानेश्वरी होण्याच्या शे-दीडशे वर्षे आधी ओवी मुसळाच्या तालावर नांदत होती. पोथीत ती नंतर आली. आधी ती हातात होती.

गेल्या हिवाळ्यात वर्गात अभंगाची रचना शिकवायची होती. मोठ्या अभंगाला चार चरण. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी. फळ्यावर हे लिहिले की मुलांचे डोळे मिटू लागतात, हा दरवर्षीचा अनुभव. म्हणून या खेपेस मी एक मफलर विणला. सहा टाके सुलट, सहा उलट, पुन्हा सहा सुलट, आणि चार उलट. बावीस टाक्यांचा एक अभंग. रुंदीला असे दोन अभंग. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीच्या शेवटी जाळीचे एकेक भोक ठेवले. ते यमक!

मफलर बाकांवरून फिरला. एका मुलाने बोटाने टाके मोजले आणि तो म्हणाला, ‘मॅडम, चौथी पट्टी आखूड आहे, म्हणून तिथे थांबल्यासारखे वाटते.’ अगदी हेच मला शिकवायचे होते. चौथा चरण आखूड, म्हणून तेथे गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

तास संपल्यावर एक मुलगी मागे रेंगाळली. म्हणाली, ‘आमच्या आजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येतात. पण विचारले तर म्हणते, मला कुठली गं कविता येते!’

मी तिला बहिणाबाई चौधरींची गोष्ट सांगितली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरचे, शेतातले काम करता करता त्या गाणी रचीत. १९५१ साली त्या गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, ती घरातल्या माणसांनी कागदावर उतरवून ठेवली होती म्हणून. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या तर लाखावर भरल्या. न जमवलेल्या किती असतील! गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे पहाटेचे कष्ट सरले. ते सरलेच पाहिजे होते. पण जाते थांबले तशी त्यावरची ओवीही थांबत गेली.

सुट्टीत ती मुलगी वही घेऊन गावी गेली. खुर्चीत बसून आजीला चार ओव्यांपुढे काही आठवेना. मग नातीने अडगळीतले जाते ओढून काढले, मूठभर गहू घातले. आजीचा हात खुंट्याला लागला आणि ओव्या अशा येऊ लागल्या, की नातीला लिहिणे पुरवेना. सुट्टी संपल्यावर माझ्या टेबलावर जी वही आली, तिच्यात एकतीस ओव्या होत्या.

मला याचे नवल वाटले नाही. माझ्या आईने शिकवलेली एक नक्षी मला तोंडाने सांगता येत नाही. सुया हातात घेतल्या की बोटे आपोआप सांगतात. काही विद्या डोक्यात राहत नाहीत, त्या हातात राहतात. हात थांबला की त्या जातात, आणि जाताना आपले शब्दही घेऊन जातात. टाका उचलणे, टाका गळणे, टाके बंद करणे, हे शब्द माझ्या विद्यार्थिनींना आता अनोळखी वाटतात. ज्या विणतात, त्या मोबाइलवर पाहून शिकतात. विणणे हौसेने शिकतात, याचा आनंदच आहे. पण त्यांना ‘पर्ल’ ठाऊक असते, ‘उलट’ नसते.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. दिवाळीत घरी आत्या, मावशी, आजी येतील. फराळ झाल्यावर त्यांना नुसते ‘काय आठवते?’ असे विचारू नका. त्यांच्या हाती सुई द्या, सूप द्या, घरात जाते असेल तर खुंटा द्या. आणि शेजारी वही घेऊन बसा.