चर खणण्याआधी

सिव्हिलवाल्यांनी सॉईल मेकॅनिक्सला आयएस १४९८ चा मातीच्या वर्गीकरणाचा तक्ता पाठ केलेला असतो. त्यात अगदी शेवटी एक बिचारी माती असते, पीट. खूण 'पी-टी'. सेंद्रिय, भयंकर दबणारी, बांधकामाला कुचकामी! ओरलला एवढं सांगितलं की एक्स्टर्नल खूश आणि विषय संपला. माझं म्हणणं असं की विषय तिथे संपत नाही. ह्या 'कुचकामी' जमिनीला 'कामाची' करायच्या नादात आपल्याच इंजिनिअर बिरादरीने जगातला एक मोठा घोळ घालून ठेवलाय, आणि तो समजून घेतल्याशिवाय कोणी डिग्री घेऊन बाहेर पडू नये.

आधी पीट म्हणजे काय ते बघू. थंड देशांत ते मुख्यतः शेवाळाचं बनतं. पण सुमात्रा, बोर्निओ, मलेशिया इथल्या दलदलीच्या जंगलांत ते झाडांचंच बनतं. अर्धवट कुजलेली खोडं, फांद्या, मुळं! काही ठिकाणी हा थर दहा मीटरपेक्षाही जाड आहे. आता कोणीही विचारेल की उष्ण दमट हवेत तर सगळं पटापट कुजतं. पावसाळ्यात रूमवर विसरलेल्या डब्याचं तीन दिवसांत काय होतं, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. मग तिथे एवढा थर साचला कसा?

उत्तर मेसच्या हिशेबाइतकं सोपं आहे. झाडं वाढतात, त्यांची पानं, फांद्या, मुळं मरून पडतात, ही जमा. बुरशी आणि जिवाणू ते खाऊन टाकतात, हा खर्च. साध्या सदाहरित जंगलात जमा आणि खर्च जवळपास सारखेच, म्हणून खाली पाचोळ्याचा पातळ थर तेवढा उरतो. दलदलीच्या जंगलात मात्र पाणी जवळजवळ वर्षभर जमिनीच्या पातळीला असतं. आत हवा नाही, पाणी कोऱ्या चहासारखं काळपट आणि आम्ल, पीएच ३ ते ४. त्यामुळे खर्च जमेपेक्षा जरासा कमी पडतो. शिल्लक किती? वर्षाला एक-दोन मिलिमीटर. पण ही बचत हजारो वर्षं चालू आहे!

ह्यात एक गंमत आहे. मलेशियातल्या अशाच एका जंगलात संशोधकांनी दोन प्रकारची पानं पाण्यात बुडवून ठेवली. एक प्रकार तिथल्याच दलदलीतल्या झाडांचा, दुसरा बाहेरच्या जंगलात सहज उगवणाऱ्या मॅकरांगा नावाच्या झाडाचा. पाणी तेच, आम्ल तेच. वर्षभरात मॅकरांगाची पानं पार कुजून गेली आणि दलदलीतली पानं जवळपास होती तशीच राहिली! म्हणजे सगळं श्रेय पाण्याला देऊन चालत नाही, पानंही तशीच आहेत. पीटचा थर वाढत वाढत घुमटासारखा उंच होतो, नदीचं पाणी वर पोचत नाही, झाडांना मिळतं ते फक्त पावसातून आलेलं तुटपुंजं खत. जिथे नवं पान बनवणं एवढं महाग, तिथलं झाड असलेलं पान जाड, चिवट आणि कीटकांना न मानवणारं करून ठेवतं. तेच पान खाली पडलं की लवकर कुजत नाही. झाड पीट बनवतं, पीट पाणी धरून ठेवतं, पाणी पीट टिकवतं. ह्यातली एक कडी काढली की बाकीच्या दोन्ही सुटतात.

नेमकं हेच झालं. इंडोनेशिया १९८४ मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला होता, पण पुढे आयात पुन्हा सुरू झाली. म्हणून १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो ह्यांनी ठरवलं की मध्य कालिमांतानमधल्या दहा लाख हेक्टर दलदलीत भातशेती करायची. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. जावाहून शेतकरी कुटुंबं आणून वसवली. आणि भात? त्या आम्ल, निकस जमिनीत तो आलाच नाही म्हणा ना. १९९९ मध्ये प्रकल्प अधिकृतपणे गुंडाळला.

कालवे मात्र राहिले. ते रात्रंदिवस पाणी ओढत राहिले, पीटमध्ये हवा शिरली आणि हजारो वर्षं थोपलेला खर्च एकदम सुरू झाला. त्यात १९९७ चा एल निनो आला आणि सुकलेलं पीट पेटलं. त्या एका वर्षात इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलांच्या आगीतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला, म्हणजे अख्खं जग वर्षभरात कोळसा आणि तेल जाळून जेवढा सोडत होतं त्याच्या १३ ते ४० टक्के! २०१५ मध्ये पुन्हा तेच. सुमारे २६ लाख हेक्टर जळालं आणि धूर सिंगापूर, मलेशियापर्यंत गेला. लाखो लोक श्वासाच्या विकारांनी आजारी पडले.

कोणी म्हणेल, "पोटभर जेवलेल्यांनी भुकेल्या देशाला पर्यावरण शिकवू नये." मुद्दा रास्त आहे. पण इथे भुकेल्याला भातही मिळाला नाही, जमीनही गेली. शिवाय पाणी काढलेलं पीट खचत जातं. सुरुवातीच्या पाच वर्षांत मीटरभराहून जास्त, नंतर दरवर्षी साधारण पाच सेंटिमीटर. त्यातलं काही नुसतं दबणं असतं, पण पुढे पुढे बरंचसं कुजणंच. सर्व्हेला लेव्हल घेतलेल्यांनी पुढचं गणित स्वतःच करावं. एक दिवस शेत नदीच्या पातळीला येणार आणि मग निचरा उताराने होणार नाही. पंप लावा, नाहीतर बुडा!

आपला काय संबंध? पामतेलाची जगात सर्वात जास्त आयात करणाऱ्या देशांत भारत आहे आणि ते मुख्यतः इंडोनेशिया, मलेशियातून येतं. सगळ्या पामबागा पीटवर नाहीत, पण बऱ्याच आहेत. मेसची पुरी सोडा असं मी म्हणत नाही (सोडणार कोण?), पण तेल कुठल्या जमिनीतलं ते विचारायला काय हरकत आहे?

दुरुस्तीही इंजिनिअरलाच करायची आहे. सेबांगाऊ राष्ट्रीय उद्यानात जुन्या कालव्यांवर बंधारे घालून पाणी परत वर आणलं जातंय. २०१५ च्या आगीनंतर इंडोनेशिया सरकारने २०१६ मध्ये पीट पुनर्स्थापनेसाठी वेगळी संस्थाच काढली. आणि तरीही २०२० मध्ये त्याच प्रांतात, जुन्या प्रकल्पाच्या काही जमिनीसकट, नवी अन्नधान्य योजना जाहीर झाली! मध्य आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात १,४५,५०० चौरस किलोमीटर पीट असल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं, सुमारे ३० अब्ज टन कार्बन धरून बसलेलं. तिथे रस्ते आणि कालवे आखायला उद्या आपल्यातलंच कोणी जाईल.

शेतकऱ्याची पोरं आपण. शेतात पाणी साचलं की चर काढायचा, हे आपल्या हातांना शिकवावं लागत नाही. काळ्या रानात ते बरोबरच आहे. पण प्रत्येक ओली जमीन आजारी नसते. म्हणून सरांना एक विनंती. पर्यावरणाच्या पेपरात 'दलदल' ह्यावर टिपा लिहून घेण्याऐवजी एक प्रॅक्टिकल ठेवा. दोन बरण्या, त्यांत सारखाच पाला. एक पाण्यात पूर्ण बुडवलेली, दुसरी नुसती ओलसर. सेमिस्टरच्या सुरुवातीला वजन घ्यायचं, शेवटी पुन्हा घ्यायचं. खर्च शून्य. फरक एकदा स्वतःच्या तराजूवर बघितलेला पोरगा पुढे साईटवर पोकलेन लावण्याआधी निदान एवढं तरी विचारेल, की पाणी किती उतरवणार आणि त्याखाली काय कुजायला लागणार?