पैजेच्या पेढीत सरकारची भागी

व्यापारात नफातोटा आहे, म्हणून व्यापार हाही एक प्रकारचा जुगारच, असे म्हणणारे पूर्वीपासून भेटत आले आहेत. जुगारात हिशेब आहे, म्हणून जुगार हाही एक व्यापारच, असे म्हणणारे अलीकडे त्यांच्याहून अधिक भेटू लागले आहेत. पहिल्या आक्षेपास आपल्या वाडवडिलांनी आचरणाने उत्तर दिले. दुसरे म्हणणे मात्र आता राज्यकर्त्यांच्या मुखातून ऐकू येते व त्यास महसुलाचे आकडे जोडलेले असतात. तेव्हा त्याची परीक्षा व्यापाऱ्यानेच वही पुढे ओढून करावी, हे उचित.

या परीक्षेसाठी आम्ही अमेरिकेतील न्यू जर्सी हे एकच राज्य घेतले आहे. ते आपणांस अगदीच परके नाही. ब्लेअर्सटाऊनजवळ आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ साली स्थापिलेले सिद्धाचलम् याच राज्यात आहे, आणि आपल्या कित्येक घरांतील लेकीसुना व मुले तेथे नांदत आहेत. शिवाय क्रीडास्पर्धांवरील पैजेचे दार अमेरिकेत मोकळे झाले ते याच राज्याच्या दाव्यामुळे.

तो इतिहास मोठा विलक्षण आहे. १९९२ साली अमेरिकन संघराज्याने कायदा करून बहुतेक राज्यांना अशा पैजांना मान्यता देण्यास मनाई केली. त्या कायद्याचे प्रमुख पुरस्कर्ते बिल ब्रॅडली हे न्यू जर्सीचेच सेनेटर असून पूर्वाश्रमीचे बास्केटबॉलचे नामांकित खेळाडू होते. खेळाडूचा कष्टाचा डाव हा जुगाऱ्याच्या फाशाप्रमाणे वापरला जाऊ नये, ही त्यांची भूमिका. अटलांटिक सिटीत १९७८ पासून जुगारगृहे चालू असल्याने त्या राज्याला एक वर्षाची खास मुदतही देण्यात आली होती. ती त्याने वाया जाऊ दिली. पुढे जुगारगृहांचा धंदा ओसरू लागला, २०१४ या एका सालात अटलांटिक सिटीतील चार जुगारगृहांना टाळी लागली, आणि जे राज्य मनाईचे माहेर होते तेच मनाई उठविण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढू लागले. २०११ साली मतदारांनी कौल दिला, २०१२ साली कायदा झाला, क्रीडासंघटनांनी तो अडविला. अखेर १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा कायदाच रद्द ठरविला.

बरोबर एक महिन्याने, १४ जून रोजी, मॉनमथ पार्कच्या शर्यतीच्या मैदानावर गव्हर्नर फिल मर्फी यांनी पहिली पैज स्वहस्ते लावली. वीस डॉलर जर्मनी विश्वचषक जिंकणार यावर, आणि वीस डॉलर राज्याचा स्वतःचा हॉकी संघ अजिंक्यपद मिळविणार यावर. दोन्ही बुडाले. जर्मनी तर पहिल्याच फेरीत गारद झाली. राज्याच्या प्रमुखाने आपल्या नव्या पेढीचा मुहूर्त तोट्याने करावा, यात आम्हांस विनोदापेक्षा प्रांजळपणाच अधिक दिसतो.

आता वही उघडू. न्यू जर्सीचे जुगार-नियंत्रण खाते दर महिन्यास आकडे प्रसिद्ध करते, ही त्याची थोरवी मान्य केलीच पाहिजे; ती नसती तर हा लेखच लिहिता आला नसता. २०२३ साली त्या राज्यात क्रीडास्पर्धांवर सुमारे १,२०० कोटी डॉलरांच्या पैजा लागल्या. त्यांतील सुमारे १,१०० कोटी जिंकणाऱ्यांना परत गेले व शंभर कोटींहून किंचित अधिक रक्कम पेढ्यांपाशी राहिली. या राहिलेल्या रकमेवर कराचा मुख्य दर मैदानावरील व जुगारगृहातील पैजेस साडेआठ टक्के आणि मोबाईलवरील पैजेस तेरा टक्के असा होता. शंभरातील नव्वदांहून अधिक डॉलर मोबाईलवरूनच लागतात. तेव्हा शंभर डॉलरांची पैज लागली म्हणजे लोकांचे साडेआठ डॉलर बुडतात आणि सरकारी तिजोरीत जेमतेम एक डॉलर पडतो. एक डॉलर गोळा करण्यासाठी प्रजेचे आठ डॉलर बुडविणारा कारकून आपल्यापैकी कोणी आपल्या पेढीवर ठेवील काय?

बरे, त्या एका डॉलराने राज्याचा संसार तरी चालावा! त्या वर्षीचा राज्याचा अर्थसंकल्प ५,४०० कोटी डॉलरांचा होता. त्यात हा कर सुमारे तेरा कोटींचा, म्हणजे शंभर रुपयांत चार आणे. शेजारच्या न्यूयॉर्कने २०२२ पासून मोबाईलच्या पैजेवर एक्कावन टक्के कर बसविला, ते पाहून न्यू जर्सीनेही १ जुलै २०२५ पासून आपला दर पावणेवीस टक्क्यांवर नेला. दर वाढविल्यास पेढीवाल्याचा वाटा घटतो हे खरे. पण मूळ गल्ला ज्यातून भरतो तो नागरिकाचा तोटा तेवढाच राहतो. अबकारीच्या बाबतीत आपण हे पाहिले आहे. ज्या व्यसनावर तिजोरी विसंबते, ते व्यसन कमी व्हावे असे तिजोरीला मनापासून वाटेनासे होते. रटगर्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार त्या राज्यातील सुमारे सहा टक्के प्रौढ जुगाराच्या गंभीर विळख्यात सापडण्याच्या अवस्थेत आहेत. राष्ट्रीय प्रमाणाच्या सुमारे तिप्पट. सगळा दोष क्रीडापैजेचा नाही, तेथे जुगाराचे इतर प्रकारही मुबलक आहेत. परंतु खिशातल्या यंत्रातून अहोरात्र उघडे असणारे दुकान पूर्वी नव्हते.

आमचे एक स्नेही गेल्या वर्षी चिरंजीवांकडे त्या राज्यात दोन महिने राहून आले. मुलगा सुशिक्षित, निर्व्यसनी, चांगल्या हुद्द्यावर. जेवताना ताटाशेजारी फोन ठेवून तो वारंवार पाही, म्हणून यांनी पृच्छा केली. मुलाने मोठ्या उत्साहाने जिंकलेल्या रकमा दाखविल्या. वडिलांचे आयुष्य किराणा-भुसारात गेलेले. ते म्हणाले, “ही जमेची बाजू झाली. नावेची बाजू कोठे आहे?” ती मुलाने कधी लिहिलीच नव्हती. दोघांनी त्या रात्री बसून बँकेच्या उताऱ्यावरून ती लिहून काढली. बेरीज किती झाली ते आमच्या स्नेह्यांनी आम्हांस सांगितले नाही व आम्हीही विचारले नाही. एवढेच सांगितले की सून दुसऱ्या दिवशी बोलली नाही.

तथापि दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखविताना आपले अंगण विसरू नये. पाऊस पडेल की नाही यावर कलकत्त्याच्या बडा बाजारात सट्टा खेळला जाई, तो बंद करण्यासाठी १८९७ साली सरकारला खास कायदा करावा लागला. मुंबईचा आकड्यांचा जुगार तर न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या उघडत्या-मिटत्या भावांवर चाले. पुढे त्यातूनच मटका फोफावला. या दोन्ही ठिकाणी व्यापारी माणसे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. सप्तव्यसनांत द्यूतास पहिले स्थान आहे, ते ऐकूनही ही माणसे पेढीवरून थेट तिकडे गेली.

म्हणूनच रेषा नेमकी कोठे आहे ते सांगितले पाहिजे. कापसाचा भाव पडण्याचा धोका शेतात आधीपासूनच असतो. खराखुरा वायदा करणारा तो धोका एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर घेतो आणि त्याबद्दल मोबदला मागतो. चेंडू जाळ्यात गेला नाही तर अमक्याचे शंभर डॉलर बुडतील, हा धोका मात्र पैज लावण्यापूर्वी जगात कोठेच नव्हता. तो विकण्यासाठीच निर्माण केला जातो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात १९५७ सालीच सांगितले की जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापारच नव्हे. त्या निर्णयाचा व्यापारी संस्थांनी फारसा उल्लेख केलेला आमच्या पाहण्यात नाही. वास्तविक तो आपल्या बाजूचा निर्णय आहे.

आणि न्यू जर्सीच्या लोकांनाही ही रेषा ठाऊक आहे, असे आम्हांस वाटते. त्यांच्या कायद्यात एक अपवाद आहे: राज्यातील महाविद्यालयांच्या संघांवर तेथे पैज लावता येत नाही. हा अपवाद काढावा म्हणून नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदान झाले, आणि ज्या मतदारांनी दहा वर्षांपूर्वी पैजेस संमती दिली होती त्यांच्याच राज्याने या वेळी स्पष्ट बहुमताने नकार दिला. पुढच्याच मार्चमध्ये जर्सी सिटीच्या सेंट पीटर्स या लहानशा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने बलाढ्य संघांना नमवीत राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत धडक मारली. ते सामने न्यू जर्सीकरांनी आपल्या राज्यात पैजेविना पाहिले. परक्याच्या मुलाच्या खेळावर पैज चालेल, आपल्या मुलाच्या नको!

आपल्या देशात जुगार व पैज हा राज्यसूचीतील विषय आहे. सिक्कीमने २००८ साली ऑनलाइन पैजेस परवाने देण्याचा कायदा केला, परंतु २०१५ मध्ये तो व्यवहार राज्यातील ठराविक गाळ्यांपुरता मर्यादित केला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर मनाई करणारा कायदा केला. मनाईने सर्व काही थांबते असे आम्ही म्हणत नाही. मटका मनाईतच वाढला. चोरट्या पेढीला ना मासिक आकडे, ना तक्रारीची सोय. हा युक्तिवाद खरा आहे, आणि महसुलाच्या अडचणीत सापडलेले एखादे राज्य उद्या तोच पुढे करून दार उघडू पाहील. त्या वेळी व्यापारी संस्थांचे मत विचारले जाईल. आमच्या मते आपल्या संघाने तेव्हा चार आण्यांच्या लोभाला संमती देऊ नये. आणि तरीही दार उघडलेच, तर जाहिरातीस पूर्ण बंदी असावी, लोकांनी गमावलेली रक्कम दरमहा वर्तमानपत्रांत ठळक छापली जावी, आणि तो कर शाळा-इस्पितळांच्या नावे बांधला जाऊ नये, एवढे तरी लेखी मागावे. अशा मागणीचा मसुदा पुढील वार्षिक सभेपूर्वी कार्यकारिणीने तयार ठेवावा, अशी आमची सूचना आहे.