आमची टाकी भरतच नाही!

माणसाने कशाचा अभिमान बाळगावा याला काही धरबंद राहिलेला नाही. कोणी मुलाच्या टक्क्यांचा बाळगतो, कोणी स्वतःच्या रक्तातल्या साखरेचा. पण सिल्लोडला घर बांधल्यापासून ज्या अभिमानाने माझा पिच्छा पुरवला आहे तो निराळाच आहे. गृहस्थ पन्नाशी ओलांडलेला असतो. अंगणात खुर्ची टाकून बसलेला असतो. तो तुम्हाला चहा पाजतो आणि मग जमिनीकडे बोट दाखवून म्हणतो, "बावीस वर्षं झाली. एकदाही उपसली नाही!"

काय, ते सांगावे लागत नाही. संडासाची टाकी.

हे ऐकले की माझे डोके फिरते. दारू सोडलेला माणूस दारूबंदीवर जरा जास्तच बोलतो, तसे माझे आहे. कारण बारा वर्षे हाच अभिमान मीही बाळगला होता.

घर बांधताना गवंड्याने विचारले, "सर, टाकी केवढी काढायची?" मी विचारले, "केवढी लागते?" हा प्रश्न मी त्याला विचारायला नको होता. भारतीय मानकांचे या विषयावर एक रीतसर पुस्तक आहे. पाच माणसांच्या घराला पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आत सव्वातीन फूट पाणी राहील एवढी टाकी पुरते, मात्र दोन वर्षांनी उपसायची, असा त्यातला हिशेब. आमच्या गवंड्याने दहा बाय आठ काढली आणि खोली दहा फूट! मी म्हणालो, "अरे, ही टाकी आहे की बारव?"

"कामून घाबरू राहिले सर? नातवाच्या लग्नापर्यंत भरत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तळाला गिलावा करीतच नाही ना आपण. सिमेंट बी वाचतं अन् पाणी बी खाली जिरतं."

वाचलेल्या सिमेंटमध्ये मी छताचा एक पंखा घेतला. पुढे बारा वर्षे त्याच पंख्याखाली बसून बोअरचे पाणी प्यालो.

आता या अभिमानाचे रहस्य तुमच्या ध्यानात आले असेल. टाकी भरत नाही याचे कारण घरातल्या माणसांचे पचन उत्तम आहे असे नसून टाकीला बूडच नाही, हे आहे. बूड नसलेला हंडा घेऊन कोणी नळावर जात नाही. पण बूड नसलेल्या टाकीची मात्र गावभर कौतुके! जे आत जाते ते कुठे तरी जाणारच. आमच्या भागातली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की त्या भेगांत किल्ल्यांचा जुडगा पडला तर परत मिळत नाही. पावसाळ्यात तीच फुगून गच्च होते आणि थेंब पीत नाही. मग तो ऐवज वाट काढत शेजाऱ्याच्या आडात, तुमच्याच बोअरमध्ये, नाही तर गटारात जाऊन बसतो. दुष्काळात टँकरमागे हंडे घेऊन धावलेला हा तालुका. पाणी म्हटले की हातघाईवर येणारी आम्ही माणसे, आणि जमिनीखाली हा उद्योग!

खरे म्हणजे ही टाकी मोठी गुणी वस्तू आहे. १८६० च्या सुमारास मुरास नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने ती प्रथम बांधली आणि १८९५-९६ मध्ये इंग्लंडातल्या एक्सेटर गावी कॅमेरॉन याने तिला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. यंत्र नाही, वीज नाही, आवाज नाही. जड ते खाली बसते, तेलकट ते सायीसारखे वर तरंगते आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाते. खालचा गाळ हवेवाचून जगणारे जंतू सावकाश खात बसतात. पण सगळाच त्यांना संपत नाही. उरलेला साठत जातो. टाकीचा तिसरा हिस्सा गाळाने व्यापला की उपसायला हवी, एवढीच त्या बिचारीची अट. ज्या गाळाने खाली बसायचे तो नाही तर शोषखड्ड्यात जातो आणि खड्ड्याची भोके बुजवतो. खड्डा बुजला की सगळे मुक्काम पोस्ट आपले घर.

त्यात आमच्याकडे फिनेल. सौ.ला फिनेलचा वास आल्याखेरीज संडास धुतल्याचे समाधान मिळत नसे. जाहिरातीत जंतू तडफडून मरताना दाखवतात तेव्हा तिचा चेहरा उजळे. बिनपगारी, रात्रंदिवस, सुट्टी न मागता आपल्या टाकीत राबणारे नोकर तेच, हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. वर तळणीचे तेल, शाम्पूच्या पुड्या आणि एकदा धाकट्याचे प्रगतिपुस्तक. (ते मुद्दाम टाकले होते, असे त्याने नोकरी लागल्यावर कबूल केले.)

तर श्रावणातला शनिवार. रविवारी नातीचे बारसे. आठ दिवस पावसाने उघडीप दिलेली नाही, घरात बत्तीस पाहुणे, आणि रात्री नऊ वाजता संडासाचे भांडे गुळण्या करू लागले. व्याही आत होते. ते बाहेर आले तेव्हा काही बोलले नाहीत. पण पाहुण्याने काही न बोलण्याचेही प्रकार असतात.

सकाळी टाकीचे झाकण शोधायला निघालो. मी म्हणे, जिन्याखाली. सौ. म्हणे, वृंदावनाखाली. थोरला म्हणे, जिथे मोटारसायकल लावतो तिथे. मधल्या काळात आम्ही सगळ्या अंगणाला फरशी बसवून घेतली होती. आमच्यापासून तासाभराच्या वाटेवरची अजिंठ्याची लेणी १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या साहेबाला शिकारीच्या नादात सापडली. मी हातात पहार घेऊन, भर उजेडात, स्वतःच्या अंगणात हिंडत होतो. सहा फरश्या फोडल्या तरी मला दोन फुटांचे झाकण सापडेना. शेवटी सौ.चे खरे निघाले. वृंदावनाखालीच होते. ते सरकवताना तिने माझ्याकडे पाहिले नाही.

कोणी तरी दोन माणसे बोलावून आणली. बादली, दोर, फावडे. त्यातला लहान विशी-बाविशीचा असेल. त्याने झाकणापाशी वाकून वास घेतला आणि म्हणाला, "वास मरू राहिला. गॅस न्हाई. उतरतो." त्याने कमरेला दोर बांधला आणि दुसरे टोक माझ्या हातात दिले.

मी ते धरले. बत्तीस पाहुण्यांचा विचार करत धरले. इथे मला विनोद सुचत नाही.

सौ. स्वयंपाकघरातून आली. तिने दोर पाहिला, पोराकडे पाहिले आणि मला म्हणाली, "आधी तुम्ही उतरा. मग त्याला उतरवा."

दोर माझ्या हातातून सुटला. नंतर वाचले ते असे. सडक्या अंड्याच्या वासाचा जो वायू टाकीत असतो तो फार वाढला की आधी माणसाचे नाकच बधिर करतो. वास मेला असे वाटते तेव्हा मेलेले असते ते नाक, आणि मग दोन श्वासांत माणूस. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. अशा टाकीत माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागली, यावरूनच आमच्यासारखे दोर धरणारे किती आहेत ते समजावे. आणि 'एकदाही उपसली नाही' या अभिमानाचा शेवट नेमका इथे होतो. वेळच्या वेळी उपसली तर गाळ पातळ असतो, यंत्राचा पाइप तो ओढून घेतो. बारा वर्षांनी तो दगड होतो, मग पाइप चालत नाही आणि आपण माणूस शोधतो.

त्या दोघांना दिवसाची मजुरी आणि बारशाच्या घुगऱ्या देऊन पाठवले. सक्शनची गाडी दुपारी आली. पाण्याचा मारा करून करून तीन तास लागले. पाहुणे शेजारीपाजारी वाटून दिले. मी ड्रायव्हरला विचारले, "हे आता कुठे नेणार?" त्याने आधी आभाळाकडे पाहिले, मग रस्त्याकडे. "नेतो कुठं तरी." म्हणजे माझी टाकी रिकामी झाली आणि दुसऱ्या कोणाचे तरी शेत, नाही तर नाला भरला.

असे होऊ नये म्हणून काही करता येते की नाही? येते. वाई आणि सिन्नर या गावांनी दर तीन वर्षांनी घरोघरची टाकी पाळीने उपसण्याची पद्धत सुरू केली. टाकी तुंबल्यावर बोंब मारायची नाही, पाळी आली की गाडी दाराशी येते, आणि मैला प्रक्रियेच्या केंद्रावर जातो. वाईला विश्वकोशाचे कार्यालय, तिथली माणसे शहाणी असायचीच, असे कोणी म्हणेल. पण सिन्नरला कुठे विश्वकोश होता? तिथे विड्या वळत! तेव्हा हे विद्वत्तेचे काम नाही. नुसती पाळी लावायची आहे. रेशनच्या दुकानापुढे आम्ही जन्मभर पाळ्या लावल्या, तेवढी अक्कल सिल्लोडलाही पुरेल.

जुनी टाकी मी बुजवली. शेजारी पुस्तकाबरहुकूम लहान, दोन कप्प्यांची, तळाला गिलावा केलेली बांधली. गवंडी तोच. बूड करताना त्याचा चेहरा, मी त्याला ताजमहाल पाडायला सांगतो आहे असा झाला होता. शोषखड्डा बोअरपासून साठ फूट हवा. माझा प्लॉटच चाळीस फुटांचा. तिरके मोजून पन्नास भरले. आता बोअरचे पाणी फक्त जास्वंदीला. हवेचा पाइप छपराच्या वर नेला आणि डासांसाठी तोंडाला जाळी बांधली. झाकण उघडे ठेवले आहे, म्हणजे बंद, पण दिसेल असे. त्यावर उपसण्याची तारीख रंगवली आहे. सणावाराला सौ. त्याच्याभोवती रांगोळी काढते. पाहुणे आधी नमस्कार करतात, मग वाचतात.

परवा शेजारचे मास्तर चहाला आले होते. तारीख वाचून हसले. "तीन वर्षांनी? आमची बघा, बावीस वर्षं..."

"तळाला गिलावा आहे का हो?" मी विचारले.

मास्तरांचा कप ओठाशी थांबला. त्यांच्या अंगणात आड आहे, आणि चहा नेहमी त्याच पाण्याचा. "गवंड्याला विचारावं लागेल," म्हणाले. गवंडी वारून नऊ वर्षे झाली.

काल पहाटेपासून त्यांच्या अंगणातून पहारीचे घाव ऐकू येताहेत. अजून झाकण सापडलेले नाही.